दाबायची बाटली : कामाची आणि बेताची

या अंकासाठी "तुम्ही केमिस्ट्रीवाले, काहीतरी उपयोगी लिहा, पण आम्हाला समजेल असे लिहा" असा लकडा संपादकांनी आमच्यामागे बरेच दिवस लावला होता. विषय सुचत नव्हता. तो शेवटी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमातच सापडला, आणि खरे सांगायचे तर आमच्याच चुकीतून सापडला.

भेळेच्या स्टॉलवर आम्ही होतो हे पुष्कळांना आठवत असेल. टेबलावर चार दाबायच्या बाटल्या होत्या. चिंच-खजुराची चटणी, हिरवी चटणी, लसणाची लाल चटणी आणि गोड दही. हॉलच्या सिंकवर भांडी धुवायला लिक्विड लागणार होते. घरची दोन लिटरची बाटली कशाला वागवायची, म्हणून आम्ही ते हिरवे लिक्विड चटणीच्याच एका रिकाम्या बाटलीत भरून नेले. वर नाव लिहिले नाही. आपणच भरले, आपल्यालाच माहीत आहे, लिहायचे काय त्यात!

गर्दीत ती बाटली सिंकवरून टेबलावर कोणी आणून ठेवली ते आजवर कळलेले नाही. कोणीतरी आवराआवर करताना चांगल्या मनानेच ठेवली असणार. स्टॉलवरच्या काकूंनी ती उचलली आणि सहा वर्षांच्या एका मुलाच्या भेळेवर नेहमीच्या सढळ हाताने फिरवली. पोराने एक घास घेतला, तोंड वेडेवाकडे केले आणि ओरडला, "साबण!"

डॉक्टरेट मिळवलेले आम्ही दोन पावलांवर हातात डाव घेऊन नुसते उभे राहिलो. काकूंनीच आधी त्याच्या तोंडातला घास काढला. मग आम्हाला सुचले, आणि आम्ही १३ ११ २६ हा नंबर फिरवला. ऑस्ट्रेलियात कुठूनही, दिवसा-रात्री केव्हाही, या नंबरावर पॉइझन्स इन्फर्मेशन सेंटरची माणसे भेटतात. त्यांनी शांतपणे विचारले, मुलाचे वय काय, वजन किती, बाटलीत नक्की काय होते, किती पोटात गेले असेल, आता मूल कसे आहे. मग सांगितले की तोंड पुसून काढा, थोडे थोडे पाणी द्या, ओकारी मुद्दाम काढू नका, आणि खोकला किंवा धाप लागते का त्यावर लक्ष ठेवा. अर्ध्या तासाने तो मुलगा जिलबी खात होता. त्याची आई आम्हाला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर आम्हाला बरे वाटले असते.

हाताने भांडी घासायचे लिक्विड होते म्हणून एवढ्यावर भागले. डिशवॉशरमध्ये घालायचे डिटर्जंट किंवा तुंबलेला नळ मोकळा करायचे औषध असते तर गोष्ट वेगळी झाली असती. ते तीव्र अल्कली असतात, आणि तोंड व अन्ननलिका भाजायला एक घोटसुद्धा पुरतो.

त्या दिवसापासून या बाटलीकडे आम्ही जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो. घरात मोजल्या तर सतरा निघाल्या! सॉसच्या, मधाच्या, शाम्पूच्या, दोन डॉलरच्या दुकानातून आणलेल्या. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी सिंकखाली एक पिशवी असतेच, जिच्यात अशा बाटल्या 'असू द्यावी, लागेल' म्हणून धुऊन ठेवलेल्या असतात. तेव्हा म्हटले, याच विषयावर लिहावे.

ही बाटली ज्या पॉलिथीनची असते ते अपघातानेच सापडले. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधील विनिंग्टन येथे आय. सी. आय. कंपनीतले फॉसेट आणि गिब्सन हे दोन रसायनतज्ज्ञ इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन वेगळाच प्रयोग करत होते. तो फसला, आणि भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ चिमूटभर उरला. दुसऱ्या महायुद्धात त्याचा मोठा उपयोग रडारच्या केबलींना आवरण म्हणून झाला. युद्ध संपल्यावर या पदार्थाचे करायचे काय, असा प्रश्न आला तेव्हा बाटल्या निघाल्या. १९४७ मध्ये अमेरिकेत डॉ. ज्यूल्स मॉन्टेनिये या रसायनतज्ज्ञाने 'स्टॉपेट' नावाचे घामावरचे औषध दाबून फवारायच्या पॉलिथीनच्या बाटलीत विकायला काढले आणि ते धडाक्याने खपले. बाटली दाबली की आतले बाहेर येते, सोडली की पुन्हा पहिल्यासारखी होते, ही गंमत लोकांना तेव्हा नवी होती.

ती पहिल्यासारखी का होते? पॉलिथीनच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. त्यांना जागोजागी फांद्या फुटलेल्या असल्या तर साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसू शकत नाहीत, बाभळीच्या फांद्यांची मोळी नीट बांधता येत नाही तशा. मग बाटली मऊ होते. तळाच्या त्रिकोणात ४ आकडा असेल तर ती या जातीची. फांद्या कमी असल्या की साखळ्या उसाच्या मोळीसारख्या नीट रचल्या जातात आणि बाटली ताठ होते. तो २ आकडा. दुधाचा कॅन, शाम्पूची बाटली या जातीतल्या. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, उष्णतेला त्यातल्या त्यात दमदार. आणि १ म्हणजे पेट, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या पारदर्शक बाटल्यांचे प्लास्टिक. आकडा पुसला असेल तर घरच्या घरी एक परीक्षा करता येते. बाटलीचा छोटा तुकडा कापून पाण्यात टाकावा. २, ४ आणि ५ पाण्यावर तरंगतात, पेट बुडते. मुलांना दाखवायला छान प्रयोग आहे.

आता उपयोगाचे. स्वयंपाकघरात पहिला मान तेलाचा. तेलाचा डबा तिरका करून कढईत धार सोडली की हमखास जास्त पडते. दाबायच्या बाटलीने चमचाभर म्हणजे चमचाभरच पडते, आणि ओट्यावर तेलाचे वर्तुळ उमटत नाही. पण एक लक्षात ठेवावे. पॉलिथीन पाणी चांगले अडवते, हवा आणि वास मात्र नीट अडवत नाही. शिवाय तेल आणि पॉलिथीन दोन्ही हायड्रोकार्बनच्या गोत्रातले, त्यामुळे तेल हळूहळू बाटलीच्या अंगात मुरते आणि बाटली बाहेरूनही चिकट लागू लागते. पुष्कळांना वाटते झाकण गळते आहे. झाकणाचा दोष नेहमी नसतो. बाटली दाबून सोडली की प्रत्येक वेळी ताजी हवा आत ओढली जाते, तिने तेल खवट होते. म्हणून आठवडाभर पुरेल एवढेच तेल भरावे, गॅसपासून आणि खिडकीपासून दूर ठेवावे, आणि जुन्या तेलावर नवे ओतू नये. खवटपणा विरजणासारखा पुढच्या तेलाला लागतो. विकतच्या सॉसच्या बाटलीला हा त्रास का होत नाही, असे कोणी विचारील. अमेरिकेत १९८३ मध्ये हाइन्झने केचप प्रथम दाबायच्या बाटलीत आणला, तेव्हा तिच्या भिंतीत हवा अडवणाऱ्या दुसऱ्या प्लास्टिकचा पातळ थर सँडविचसारखा घातलेला होता. दोन डॉलरच्या बाटलीत असले लाड नसतात.

सॉसवरून आठवले. या देशाच्या मनात सॉसच्या बाटलीला फार मोठे स्थान आहे. २००९ मध्ये पंतप्रधान केविन रड टीव्हीवरच्या मुलाखतीत "फेअर शेक ऑफ द सॉस बॉटल, मेट" असे म्हणून गेले आणि मूळ वाक्प्रचार असा नाहीच, म्हणून सगळ्या देशाने त्यांची थट्टा केली. आपल्याकडे इतक्या जिव्हाळ्याची बाटली एकच, ती म्हणजे खोबरेल तेलाची निळी.

त्या निळ्या बाटलीचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. पॅराशूट तेल पूर्वी पत्र्याच्या डब्यात येत असे. १९८० च्या दशकात मुंबईत हर्ष मारीवाला यांनी ते प्लास्टिकच्या बाटलीत आणायचे ठरवले, तर दुकानदार तयार होईनात. कारण त्याआधी कोणीतरी चौकोनी प्लास्टिकच्या डब्यात खोबरेल विकून पाहिले होते आणि ते उंदरांनी कुरतडले होते. मग गोल बाटल्या केल्या, कारण गोलाला कोपरा नसतो आणि उंदराला दात रोवायला जागा मिळत नाही. त्या बाटल्या उंदरांसह पिंजऱ्यात काही दिवस ठेवून त्या शाबूत राहिल्याचे दुकानदारांना दाखवले, तेव्हा कुठे त्यांना पटले. मॅरिको कंपनी त्यानंतरची. आमच्या मते तेल बाटलीबाहेर झिरपत नसणे हेही त्यात महत्त्वाचे. उंदीर येतो तो वासावर.

इथे मेलबर्नला उंदरांपेक्षा थंडी मोठी वैरीण. खोबरेल सुमारे २४ अंशांना गोठते, आणि जुलैत आपल्या न्हाणीघरात २४ अंश कुठले! मग बाटली दाबून दाबून अंगठे दुखतात. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. आतले तेल एका जागी फार तापते, बाकीचे तसेच राहते, आणि बाटली वाकडी होते. कोमट पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटे उभी करावी, बस्स. साजूक तूप मात्र या बाटलीत भरूच नये, त्याला रुंद तोंडाची बरणीच हवी.

उष्णतेचा नियम सोपा आहे. गरम काही भरायचे नाही. उकळते पाणी घातले तर पेटची बाटली जागच्या जागी आकसते. ४ आकड्याची बाटली ११० अंशांच्या आसपास वितळते, आणि त्याच्या पुष्कळ आधी लेची पडते. फोडणीचे तेल त्याहून कितीतरी तापलेले असते. आमच्या ओळखीच्या एका घरी केलेली फोडणी गार होण्याआधी बाटलीत ओतली गेली, तर बाटलीचा तळ ओट्यावर आणि फोडणी चपलांवर!

आणि लसणाची फोडणी करून बाटलीत भरून ओट्यावर ठेवायची सवय कोणाला असेल तर ती आजच सोडावी. हे आम्ही गमतीत सांगत नाही. लसूण जमिनीतून येतो, त्याच्याबरोबर बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीज येऊ शकते. ते बीज साध्या शिजवण्याने मरत नाही. तेलाखाली हवा नसते, आंबटपणा नसतो, स्वयंपाकघर उबदार असते, म्हणजे त्याला जसे हवे अगदी तसे. विष तयार झाले तरी तेलाला वास येत नाही, रंग बदलत नाही. लसणाचे तेल थोडेच करावे, फ्रीजमध्ये ठेवावे आणि आठवड्याच्या आत संपवावे. चिंचेची चटणी आंबट असल्याने तिच्यात ही भीती नाही, पण तीही फ्रीजमध्येच बरी. हिरवी चटणी तीन-चार दिवसांपलीकडे ठेवू नये, आणि वापरण्यापूर्वी बाटली हलवावी, नाहीतर आधी नुसते हिरवे पाणी उडते.

हळदीचे डाग ही सर्वांची तक्रार. हळदीचा पिवळा रंग तेलात विरघळतो आणि तेलाबरोबर प्लास्टिकच्या अंगात शिरतो, म्हणून घासून जात नाही. पण तो उन्हापुढे टिकत नाही. बाटली धुऊन, झाकण काढून, कपडे वाळत घालायच्या दांडीखाली दोन-तीन दिवस ठेवावी. इथल्या उन्हाचा आपल्याला झालेला हा एक फायदा. हिंग-लसणाचा वास मात्र उन्हानेही पुरता जात नाही. त्या बाटलीचे हिंगाशी लग्न लागले असे समजावे आणि तिच्यात दुसरे काही भरू नये.

आंबवलेले पीठ बाटलीत भरून कॅम्पिंगला नेण्याची कल्पना आम्हालाच सुचली होती. ग्रॅम्पियन्सला तंबूबाहेर गॅसच्या शेगडीवर गरम गरम डोसे, नुसती बाटली दाबायची की तव्यावर गोल! पीठ आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे शिकवून आमचा काही काळ चरितार्थ चालला होता. तरी झाकण घट्ट लावून बाटली मोटारीच्या डिकीत टाकली. स्टॉवेलच्या अलीकडे डिकीतून फट्ट असा आवाज आला. पुढचे वर्णन करत नाही. घावनाचे पीठ न्यावे, ते आंबत नाही.

विमानप्रवासात उलटे होते. उड्डाणात विमानातील हवेचा दाब सुमारे २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा खाली येऊ शकतो. बाटलीत अडकलेली हवा मग सुमारे एक तृतीयांशाने फुगते आणि तेलाला ढकलून झाकणातून बाहेर काढते. पुण्याहून आईने दिलेले तेल नव्या साडीवर येते ते यामुळे. उपाय असा की बाटली काठोकाठ भरू नये, थोडी दाबून आतली हवा घालवावी आणि दाबलेली असतानाच झाकण लावावे. फुगायला तिला जागा राहते. हातातल्या सामानात मात्र आंतरराष्ट्रीय विमानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. ऑस्ट्रेलियात हा नियम ३१ मार्च २००७ पासून आहे.

दिवाळीत पणत्यांमध्ये तेल घालायला, मुलांच्या हस्तकलेत गोंदाची रेघ ओढायला, जिलबी पाडायला, बारीक टोचाच्या बाटलीने काळ्या कार्डबोर्डवर रांगोळी रेखायला (हॉलच्या कार्पेटवर रांगोळी घालायची आपल्याला परवानगी नाही, हे कृपया लक्षात असू द्यावे) या बाटल्या उत्तम. आणि एक उपयोग असा आहे जो घरोघरी आहे पण अंकात कोणी लिहीत नाही. इथल्या भाड्याच्या घरांत संडासात नळ नसतो. तिथे कोपऱ्यात जी बाटली उभी असते तिला पाहून आमच्या ऑस्ट्रेलियन शेजाऱ्याने "इथे झाड कुठले ठेवता?" असे विचारले होते. आम्ही "आहे एक" म्हणून वेळ मारून नेली. ही बाटली कधीही स्वयंपाकघरातल्या जातीची नसावी. रंगच वेगळा घ्यावा.

इथे आम्ही पुन्हा त्या भेळेवर येतो. आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलावर अशाच दाबायच्या बाटल्या असतात. एकीत पाणी, एकीत अल्कोहोल, एकीत ॲसिटोन. तिन्ही पाण्यासारखेच दिसतात. म्हणून प्रत्येकीवर ठळक नाव छापलेले असते, ॲसिटोनच्या बाटलीचे झाकण आमच्याकडे लाल असते, आणि नाव नसलेली बाटली सापडली तर ती विषारी समजूनच बाजूला काढतात. हे आम्ही वर्षानुवर्षे करतो, नव्या विद्यार्थ्यांना दटावून शिकवतो. आणि घरी येऊन चटणीच्या बाटलीत साबण भरतो! दर्शनी रूपावरून आतले ओळखण्याची मुलांची सवय पक्की असते. चटणीची बाटली म्हणजे चटणी. मोठ्यांचीही तीच सवय असते, हे काकूंनी दाखवलेच.

म्हणून आमच्या घरी आता खाण्याची बाटली ती खाण्याचीच. सफाईचे द्रव मूळ बाटलीतून हलवायचेच नाही. तसेही डिटर्जंटमुळे ताणाखाली असलेल्या पॉलिथीनला बारीक भेगा जातात, आणि साधी बाटली वारंवार दाबली की अवचित फुटते. काही वेगळे भरावेच लागले तर आईंनी सुचवलेला उपाय आम्ही करतो. त्या पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि नातवाला सांभाळताना इंग्रजी लेबले वाचत बसायला त्यांना वेळ नव्हता. "गळ्यात रबरबँड ज्याच्या, ते खायचे नाही," असे त्यांनी ठरवून टाकले. जुन्या काळी विषाच्या काचेच्या बाटल्यांवर उभ्या रेघा उमटवत, अंधारात हाताला कळावे म्हणून. आईंना ते ठाऊक नव्हते, तरी युक्ती तीच. आजी-आजोबा घरी असतील तर १३ ११ २६ हा नंबर मोठ्या देवनागरी आकड्यांत फ्रीजवर लावावा. इंग्रजीची अडचण वाटली तर १३१ ४५० या सरकारी दुभाषा सेवेमार्फत बोलता येते. मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा श्वासाला त्रास होत असेल तर थेट शून्य शून्य शून्य.

बाटल्या वाढवाव्यात असे आमचे म्हणणे नाही. साउथ ऑस्ट्रेलियात १ सप्टेंबर २०२५ पासून सुशीबरोबर मिळणाऱ्या सोया सॉसच्या चिमुकल्या प्लास्टिकच्या माशांवर बंदी आली. तेही आपल्या बाटलीचेच धाकटे भावंड. एकदा दाबायचे आणि फेकायचे, आणि एवढे छोटे की पुनर्वापराच्या यंत्रातून गळून पडते. आम्हाला ती बंदी योग्य वाटते. सिंकखालच्या पिशवीतली बाटली मात्र पाच-पाच वर्षे राबते. टोच बुरसटली, अंग चिकट झाले किंवा घडीवर पांढरी रेघ उमटली, की तिला पिवळ्या झाकणाच्या डब्यात निरोप द्यावा.

गणपतीच्या कार्यक्रमात भेळेचा स्टॉल पुन्हा आहे, आणि काकूंनी आम्हाला पुन्हा घेतले आहे. ज्यांच्याकडे २ किंवा ५ आकड्याच्या, खाण्यासाठीच वापरलेल्या रिकाम्या बाटल्या असतील त्यांनी त्या धुऊन, वाळवून आधीच्या रविवारी हॉलवर आणून द्याव्यात. हिंगाचा वास येणाऱ्या आणू नयेत. मार्कर, चिकटपट्टी आणि रबरबँड आम्ही आणतो. भांड्यांचा साबण त्याच्या मूळच्या दोन लिटरच्या बाटलीतच येईल, आणि ती आम्हीच उचलून आणू.